न सांडणारी गाडी

गाडी विकायला आलेला माणूस आमच्या बाईंना एकदा भेटला की पुढे त्या धंद्यात टिकत असेल, असं मला वाटत नाही. तो बिचारा बॉनेट उघडून उभा राही, इंजिनावर मायेनं हात फिरवी, टायरांना लाथा मारून दाखवी. बाई तिकडे ढुंकूनही बघत नसत. त्या मागचा दरवाजा उघडायच्या, पायांतले कॅनव्हासचे बूट काढून जमिनीवर जोडीनं ठेवायच्या, आत शिरायच्या आणि सरळ आडव्या व्हायच्या. मग आतून एक हात बाहेर येई. "कंपोंडर, तांब्या दे."

कंपोंडर म्हणजे मी. काठोकाठ भरलेला पितळेचा तांब्या मी त्या हातात द्यायचा. बाई तो स्वतःच्या पोटावर ठेवत, बुडाला नुसती दोन बोटं लावत आणि म्हणत, "चालव आता." विकणारा माझ्याकडे बघे आणि मी समोरच्या झाडाकडे.

गाडी गिट्टीच्या रस्त्याला लागली की मागून आरोळी यायची, "पाणी!" म्हणजे सांडलं, हळू घे. पुन्हा "पाणी!" म्हणजे आणखी हळू. बैलाच्या चालीनं जातानाही "पाणी!" आलं, की ती गाडी नापास. मग बाई ओल्याचिंब लुगड्यानं उतरत, शांतपणे बूट घालत आणि मालकाला सांगत, "बसनाऱ्यासाठी चांगली हाय तुमची गाडी. माहे पेशंट झोपून येतात."

ही पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता आणि गडचिरोली त्यातली एक तहसील. कुरखेड्याच्या वाटेवर, धानाची बांधी आणि जंगल जिथे एकमेकांत शिरतात अशा एका गावात नागपूरच्या एका संस्थेचा दवाखाना होता. बाई त्याच्या डॉक्टर, मी कंपाउंडर. अँब्युलन्स म्हणजे झितरूची रेंगी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. झितरू शेजारच्या गोंड पाड्यावरचा. त्याचे बैल देखणे होते आणि त्याला ते ठाऊक होतं.

बाई मूळच्या पुण्याकडच्या. आल्या तेव्हा छापील बोलत. "आपल्याला किती दिवसांपासून त्रास होतो आहे?" असं विचारलं की पेशंट बाई पदर तोंडाला लावून हसे आणि तिचा त्रास तिथेच निम्मा होई. पण बाईंचा कान तिखट. वर्षभरात त्या 'मले-तुले' करायला लागल्या, इतक्या की इकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणू लागल्या. नागपूरहून संस्थेचे लोक आले की दचकायचे. शुद्ध भाषा त्यांनी फक्त रागासाठी राखून ठेवली होती. त्या मला 'गाढवा' म्हणाल्या तर मी निर्धास्त असे, कारण त्यानंतर बहुधा चहा मिळायचा. 'आपण' म्हणाल्या की मात्र मी दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवायचो. एकदा त्या झितरूला म्हणाल्या, "आपण बैलांना वेळेवर पाणी दाखवत जावं, ही विनंती." झितरू दुसऱ्या दिवशी आलाच नाही. नंतर मला हळूच विचारत होता, "भाऊ, बाईनं मले कामावरून काढलं काय?"

दुपारी त्या बाळंतपणाच्या टेबलावर झोपत. घरी चांगली खाट होती. पण त्यांचं म्हणणं, टेबल रिकामं ठेवायचं कशाला? मला सांगून ठेवत, "कोनी आली तं मले उठव आन् तिले झोपव." नाडी बघायला घड्याळ लावत नसत, एक चाल गुणगुणत. चाल मध्येच थांबली की पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे पांढरे पडत. पुष्कळदा बाई पुढचं कडवं विसरलेल्या असत, एवढंच.

त्यांच्यासमोर एक वाक्य बोलायची सोय नव्हती. कुणाचं काही बरंवाईट झालं आणि नातेवाईक "देवाची मर्जी" म्हणाले, की बाई छत्री आपटून उभ्या राहत. "देवाले काऊन मधात आनता? देवानं केला काय हा रस्ता? हा तं कंत्राटदारानं केला!"

रस्ता हाच त्यांचा खरा वैरी. आणि त्या वैराच्या मुळाशी सगुणा होती.

सगुणा आमच्या गावाहून आत, पाथरनाल्याच्या पलीकडच्या खेड्यातली. घरची धानाची शेती, नवरा साधा, सासू करारी. सगुणा पहिलटकरीण असताना घरी अडली. सासूनं बराच वेळ वाट पाहून शेवटी बैलगाडीत घातलं. पाथरनाला म्हणजे गोट्यांचा आणि रेतीचा नाला. गाडी त्यात आपटत, आदळत, एका चाकावर उभी राहत पार होते. सगुणाचं मूल त्या नाल्यातच झालं, आणि मेलेलं झालं. दुसऱ्या खेपेलाही तेच, त्याच नाल्यात. त्या वेळी सगुणा रडलीसुद्धा नाही. टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाली, "बाई, माह्या पोटातलं त्या नाल्यातच सांडते."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि जेवणाच्या बाबतीत त्या कधी कुणावर रुसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

सगुणाला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाई रेंगीत बसून तिच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. आधीच दवाखान्यात येऊन राहा म्हणावं तर सासू ऐकेना. तिचं मत पक्कं होतं, "दवाखान्यात आधीपासून जाऊन राह्यनारं मानूस वापस येत नाई, बाप्पा." बाईंनी वाद घातला नाही. सगुणाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ठीक हाय. या खेपेले मी सोता येतो. तुले झोपवून नेतो. सांडू देत नाई."

सगुणानं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मी बाहेर जाऊन बैलांशी बोलत उभा राहिलो.

परत निघताना बाईंनी सगुणाच्या घरून तांब्याभर पाणी मागून घेतलं. मला वाटलं तहान लागली. बाई रेंगीत आडव्या झाल्या, तांब्या पोटावर ठेवला आणि झितरूला म्हणाल्या, "हाक." नाल्यात उतरता उतरता तांब्या निम्मा झाला, मधल्या गोट्यांवर रिकामा झाला आणि चढावर घरंगळत खाली पडून मागे राहिला. बाई तशाच ओल्या उठून बसल्या. "झितरू, तुही गाडी बाद."

झितरूला ते फार लागलं. "बाई, माह्या बापानं केलेली गाडी हाय."

"तुह्या बापानं पोटावर पानी ठेवून पाह्यलं होतं काय?"

तांब्याची परीक्षा सुरू झाली ती अशी.

संस्थेला बाईंनी काय लिहिलं कोण जाणे, पण जुनी का होईना एक मोटर घ्यायला मंजुरी आली. मोटर निवडायला मदत म्हणून संस्थेचे चिटणीस नागपूरहून आले. ते वकील होते आणि गाडी कशी असावी याबद्दल त्यांचं मत ठाम होतं: गाडी संस्थेला शोभेल अशी असावी. बाईंचं मतही ठाम होतं: पावसाच्या आत असावी आणि सांडू नये. दोघं एकमेकांना मान डोलावून हो म्हणाले आणि आम्ही गाड्या बघायला निघालो. गाडी चालवायला मी आरागिरणीच्या ट्रकवर शिकलो होतो. रिव्हर्स अजून मनासारखा येत नव्हता, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. ज्यांच्या दारी पूर्वी हत्ती शोभला असता, असे लोक दारातल्या मोटरी विकत होते. पहिली गाडी अशाच एका माजी मालगुजारांची. लांबलचक, काळीभोर, आत लाल मखमल. चिटणीस पुढे बसले आणि त्यांचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा झाला. बाई मागच्या गादीवर आडव्या झाल्या, पण मावेनात. शेवटी पाय खिडकीतून बाहेर काढले. मालगुजारांचा दिवाणजी ओसरीवरून हे बघत होता. त्याला वाटलं, डॉक्टरीणबाईंना चक्कर आली. तो लिंबू घेऊन धावत आला, तेवढ्यात गाडी हलली आणि बाईंनी आतून आरोळी मारली, "पाणी!" म्हणून तो पुन्हा धावत पाणी आणायला गेला. रस्त्यावर पाच-पन्नास हात गेलो असू नसू, तोच गाडीचं पोट एका दगडाला लागलं. तांब्या मखमलीवर पालथा झाला. मालगुजार सभ्य गृहस्थ. नुसते आत निघून गेले.

दुसरी गाडी लढाईतली जीप. एका बांबूच्या ठेकेदाराकडे होती. ती कुठल्याही खड्ड्यातून जाई, पण खड्ड्यात काय काय आहे ते सगळं आत बसलेल्याला कळवी. बाई मागं तिरक्या झोपल्या, पाय बाहेर लोंबकळत ठेवून. पहिल्याच धक्क्याला तांब्या उडाला आणि पुढे बसलेल्या चिटणिसांच्या टोपीत आला. टोपी त्यांनी मांडीवर काढून ठेवली होती. बाई म्हणाल्या, "लढाईत बाळंत कोन होते? ही बनवनाऱ्याहीचं बरोबर हाय."

अशा आणखी दोन-तीन गाड्या झाल्या. चिटणिसांची कपड्यांची जोडी वाळेना. उन्हाळा उतरणीला लागला होता, सगुणाचे दिवस भरत आले होते, आणि बाई आता चिटणिसांना 'आपण' म्हणू लागल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना तो मान वाटत होता.

मग चांद्याला स्टेशन वॅगन सापडली. सूरजागडच्या डोंगरांत लोखंडाचे दगड शोधायला आलेल्या एका साहेबाची ती गाडी. साहेब परत गेला होता, आणि गाडी विकायचं काम सिरोंच्याकडच्या त्याच्या तेलुगू ड्रायव्हरवर टाकून गेला होता. गाडी दिसायला म्हणजे चार चाकांवर ठेवलेलं कपाट. बाजूच्या पत्र्यावर लाकडाचा रंग दिलेला, तोही ठिकठिकाणी उडालेला. मागचा भाग खाली बसलेला, मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखा. झितरू आमच्याबरोबर मुद्दाम आला होता. त्यानं मागून एक फेरी मारली आणि निकाल दिला, "उलार हाय."

बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला उलार म्हणतात. बाई म्हणाल्या, "हिले गळा नाई, झितरू."

चिटणिसांनी चांद्यातला एक मिस्त्री बोलावला. मिस्त्री गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "साहेब, कुछ नाई राह्यलं हिच्यात. दगड वाहून वाहून मागचे पाटे मेले हिचे. पार नरम पडले."

पाटे म्हणजे स्प्रिंगा. चिटणीस निघायला वळले. बाई मात्र जागच्या जागी थांबल्या. "मेले?"

"पुरे मेले बाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "जिते पाटे माह्या बायकाईले मारतात." आणि बूट काढून त्या आत शिरल्या.

त्या त्यात डोक्यापासून पायांपर्यंत मावल्या. मी तांब्या दिला. ड्रायव्हर शेजारी बसून मला दांडे दाखवू लागला. या गाडीला नेहमीच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे होते. "अम्मा, चारी चक्का खींचता इसका," तो मागे वळून बाईंना सांगत होता.

झितरू बाहेरून म्हणाला, "चार चाकं तं सब्बनच मोटरले असतात ना भाऊ."

"दुसरे में पीछे का दो खींचता. आगे का दो खाली फिरता."

झितरूला हा अन्याय पटला नाही. "म्हंजे पुढचे दोन फुकटच खातात काय?"

ड्रायव्हरनं मग खरी गोष्ट सांगितली. रेतीचा नाला लागला की दुसऱ्या गाड्यांना लांबून धाव घेऊन उडी मारल्यासारखं त्यात घुसावं लागतं, नाही तर त्या मध्येच फसतात. हिला धाव घ्यावी लागत नाही. दांडा ओढायचा आणि चालत्या माणसाच्या बरोबरीनं उतरायचं, तसंच चढायचं. हे ऐकल्याबरोबर बाई ताडकन उठून बसल्या. तांब्याचं पाणी सगळं त्यांच्याच अंगावर सांडलं. मला वाटलं, झालं, ही पण नापास.

"धाव घ्या लागत नाई?" बाईंनी विचारलं.

"नई अम्मा."

"तांब्या पुन्हा भर रे गाढवा!"

इरई नदीच्या काठी रेतीत उतरून, गोट्यांवरून जाऊन आम्ही परत आलो. मागून एकदाच "पाणी" आलं, तेही बारीक आवाजात. मेलेल्या पाट्यांवर गाडी नाव हलावी तशी हलत होती. चिटणीस रस्त्यावर उभे राहून म्हणाले, "बाई, अहो ही गाडी शोभत नाही हो संस्थेला!" बाई आतूनच म्हणाल्या, "आपण नागपूरला केव्हा निघता आहात?" चिटणीस त्याच संध्याकाळी निघाले.

गावात गाडीचं नाव दोन दिवसांत पडलं: टेसन. स्टेशन वॅगन कोण म्हणणार! एकदा एक म्हातारा वळकटी, कोंबडी आणि नातवंडं घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर सकाळपासून बसला होता. दुपारी मी विचारलं तर म्हणतो, "इथी टेसन आली म्हनतात ना? वडश्याची गाडी कवा सुटते?" बाईंनी त्याला चहा पाजला, त्याची छाती तपासली, खोकल्याचं औषध दिलं आणि सांगितलं, "तुही गाडी चुकली, बाबा."

झितरूचा मात्र टेसनवर विश्वास बसेना. तिच्यामुळे त्याच्या रेंगीचं काम गेलं होतं, हा राग वेगळाच. पहिल्यांदा आम्ही सरावाला पाथरनाल्यावर गेलो तेव्हा तो बैलजोडी घेऊन आधीच तिथे हजर होता. घाट चढताना गाडीपुढे आणखी एक जोडी जुंपायची आमच्याकडची रीत. मी मोठ्या दिमाखात नाल्यात उतरलो आणि दांडा ओढायचाच विसरलो. मागची चाकं रेतीत रुतली. झितरू चार शब्द बोलला असता तर परवडलं असतं. त्यानं पुढच्या बंपरला दोर बांधला, बैल जुंपले आणि माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. तेवढ्यात मला दांडा आठवला. मी तो ओढला. टेसन रेतीतून अशी उठली, की बैलांना मागून कुणीतरी हाकलतंय असं वाटलं. ते शेपट्या उभारून पळत सुटले. पुढे बैल, मागे टेसन, मधला दोर सैल, टेसनमागे झितरू, "थांबा! थांबा ना बाप्पा!" आणि टेसनच्या आतून बाई, "पाणी! पाणी! पाणी!" चढ संपेपर्यंत कोण कुणाला ओढतंय हे ठरलं नाही. झितरू गावात सांगत असे की माझ्या बैलांनी मोटर ओढली. बाईंनी ते कधी खोडून काढलं नाही.

पाऊस दोन-चार दिवसांवर आला असेल तेव्हाच सगुणाकडचा निरोप आला. दुपारची वेळ. बाई टेबलावर झोपल्या होत्या. मी हाक मारली तर एका झटक्यात उठल्या. पिशवी तयारच होती. तांब्या भरून घेतला. झितरूला सांगितलं, "बैल घेऊन नाल्यावर उभा राह्य." झितरूच्या छातीत हवा भरली.

नाला ओलांडून घरी पोचलो तर सगुणाला या खेपेला कळा जोरात होत्या. बाईंनी तिला मागच्या गादीवर झोपवलं आणि स्वतः तिच्या पायांशी बसल्या. सासू पदर खोचून मागेच चढायला लागली. तिला मागे घेतलं असतं तर ती वाटभर सूचना करत बसली असती. बाईंनी एक युक्ती केली. तांब्या तिच्या हातात दिला आणि फार गंभीरपणे म्हणाल्या, "आजी, तुमी पुढं बसा. हा मांडीवर धरा. यातलं पानी सांडलं तं पोरीले तरास होईन."

म्हातारीनं डोळे मिटले, दोन्ही हातांनी तांब्या कवटाळला आणि माझ्या शेजारी बसली. त्यानंतर तिचा शब्द नाही.

मी गाडी चालवत होतो खरा, पण स्टिअरिंगवर माझे हात नुसते घामानं चिकटले होते. रस्ता तोच, नाला तोच, सगुणाही तीच. दोन मुलं त्या नाल्यात गेली होती, हे गाडीत प्रत्येकाला ठाऊक होतं. नाला दिसू लागला तसा मी दांडा ओढला, आणि तेवढ्यात मागून आरोळी आली.

"पाणी!"

मी वेग कमी केला. तांब्या माझ्या शेजारी म्हातारीच्या मांडीवर काठोकाठ भरलेला मला दिसत होता. पण एवढ्या दिवसांच्या तालमीनं माझा पाय आता डोक्याला विचारेनासा झाला होता.

"अरे, पाणी!"

मी आणखी हळू घेतलं. आता आम्ही नाल्यात उतरलो होतो आणि गोगलगाय आमच्यापुढे निघून गेली असती.

"पाणी! पाणी म्हनून राह्यली ना मी!"

मी गाडी उभी केली. नाल्याच्या अगदी मधोमध. उतरलो, मागे जाऊन दार उघडलं आणि विचारलं, "लय सांडलं काय, बाई?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. मग त्या एकेक शब्द वेगळा करत बोलल्या, "सगुणाबाईंचं पाणी गेलं आहे. बाळ येतं आहे. मी आपल्याला गाडी जोरात हाकायला सांगत होते. आपण ती थांबवलीत. कुठे थांबवलीत, ते आपण पाहिलंत का?"

मी पाहिलं होतं. "आता... आता पळवतो बाई."

"आता गाडीला हात लावलात तर हात तोडून ठेवीन," बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, आणि दार ओढून घेतलं.

मी पाठ करून उभा राहिलो. काठावर झितरू बैलांच्या वेसणी धरून उभा होता. त्यानं खुणेनं विचारलं, जुंपू का? मी मानेनंच नाही म्हटलं. ऊन रणरणत होतं. नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता. सगुणा एकदा ओरडली, मग दुसऱ्यांदा. मग एकदम सगळं गप्प झालं.

मूल झालं की रडतं, एवढं कंपाउंडरला कळतं. रडणं येत नव्हतं. थपडा मारल्याचा आवाज येत होता, बारीक, ओल्या कपड्यावर मारल्यासारखा. झितरूनं डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला. पुढच्या सीटवर म्हातारी तशीच डोळे मिटून बसली होती.

"पाणी!" आतून बाई ओरडल्या.

आणि मी, एवढं सगळं झाल्यावर, खिडकीशी जाऊन विचारलं, "कोनतं पानी, बाई?"

"तांब्यातलं! गाढवा, तांब्यातलं!"

'गाढवा' ऐकलं आणि माझ्या जिवात जीव आला. मी म्हातारीच्या हातातून तांब्या घ्यायला गेलो तर ती सोडेना. "सांडन ना," म्हणाली. मी तो जवळजवळ हिसकावून घेतला. काठोकाठ भरलेला होता. वाटेत तिनं एक थेंब सांडू दिला नव्हता. मी तो आत दिला. पाण्याचा एक हबका बसल्याचा आवाज आला, मग दुसरा. आणि मग त्या कपाटासारख्या गाडीतून असा काही टाहो फुटला की काठावरचे बैल दचकून मागे सरले.

बाईंच्या हसण्याचा आवाज आला. "आयकून राह्यले काय तुमी? किती बोंबलते पाहा! पोट्टी हाय, आजी, पोट्टी!"

म्हातारीनं तेव्हा डोळे उघडले. आधी तिनं आपल्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं, मग पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. दोन्ही वेळा ती त्या बैलगाडीत सगुणाजवळ बसलेली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी इंजिन सुरू केलं. दांडा ओढलेलाच होता. नाला चढताना मी एकदा मान वळवून मागे पाहिलं. सगुणा डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती, आणि तिच्या पोटावर, तांब्या ठेवायची जी जागा, तिथं ती पोरगी बाईंच्या लुगड्याच्या फाडलेल्या पदरात गुंडाळून ठेवली होती. बाईंनी तिच्या पाठीला नुसती दोन बोटं लावली होती.

मी इतका हळू चालवत होतो की झितरू बैल घेऊन पायी आमच्या बरोबरीनं चालू लागला. थोडा पुढे गेला, मग थांबला आणि खिडकीशी येऊन जोरात म्हणाला, "बाई, जुंपू काय बैल? लवकर पोचाल!"

"हळू बोल रे," बाई आतून म्हणाल्या. "सांडन."